कंकालेश्वराच्या भिंतीला सुटलेलं पोट

बीड शहरातलं कंकालेश्वराचं दगडी मंदिर कुंडाच्या मध्यभागी उभं आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने मोबाइलवर फोटो काढून त्याचं थ्री-डी मॉडेल करायला घेतलं. भोवती पाणी, त्यामुळे हवं तसं फिरता येईना. बहुतेक फोटो एकाच बाजूने निघाले. पडद्यावर मंदिर उमटलं, पण सरळ भिंतीला पोट सुटलेलं!

"मामा, सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची फोकल लेंग्थच नीट कळली नाही," तो म्हणाला.

फोटोच्या माहितीत तर 26 मिलिमीटर असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते दाखवताच त्याने वही ओढली. हा आकडा 36 बाय 24 मिलिमीटरच्या फिल्म-चौकटीशी तुलना करून काढलेला. फोनचं खरं भिंग जेमतेम काही मिलिमीटरचं. शिवाय संगणकाला फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये लागते. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असेल, तर रुंदीवरून हिशेब 2889 येतो आणि कर्णावरून 3005. म्हणजे जवळपास चार टक्क्यांचा फरक. ठाऊक मापाच्या वस्तूवरून अंतर काढायचं झालं, तर 10 मीटरवरची वस्तू तब्बल 40 सेंटिमीटर पुढे-मागे सरकते.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ आणि भिंगाची वक्रता मोजून काढणं. झेंगयू झांग यांनी 2000 मध्ये मांडलेली पद्धत 'ओपनसीव्ही' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळते. त्यासाठी लागतो बुद्धिबळासारखा काळा-पांढरा पट. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट किंचित लहान निघाली, तशी मला चिंता लागली. तो हसला. घर 25 मिलिमीटरचं की 24चं, याने फोकल लेंग्थ बदलत नाही. घरं चौरस हवीत आणि कागद सपाट हवा. म्हणून तो काचेवर चिकटवला.

पट धरायचं काम माझ्याकडे आलं. मी तो कॅमेऱ्यासमोर अगदी सरळ धरला.

"तिरका करा, मामा!"

समोरासमोरच्या पटातून फोकल लेंग्थ सुटी काढता येत नाही. जवळचा पट छोट्या फोकल लेंग्थने टिपा किंवा लांबचा मोठ्या, चित्र तेच. पट कलला की जवळची घरं मोठी आणि लांबची लहान दिसतात. ती किती झपाट्याने लहान होतात, त्यात फोकल लेंग्थ सापडते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, फोटोच्या पार कोपऱ्यांतही त्याने पट नाचवायला लावला, कारण भिंगामुळे रेषा वाकतात त्या कडांनाच जास्त. झूम बंद, फोकस एका जागी कुलूपबंद. फोकस हलला की फोकल लेंग्थही थोडी हलते.

उत्तर 3005च्या आसपास आलं, सोबत वक्रतेचे गुणांकही. ते सॉफ्टवेअरला पक्के सांगितल्यावर भिंत बरीच सरळ झाली. मंदिर मात्र किती मीटरचं, हे त्यातून कळत नव्हतं. त्यासाठी आम्ही टेप घेऊन पुन्हा गेलो आणि फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या एका पायरीची लांबी मोजून आणली.