खुंटीवरची ढोलकी

आमच्या घराच्या पडवीत खुंटीवर एक ढोलकी टांगलेली असे. दिवाळीनंतर बोरगावात खडी गंमत उभी राहिली, की आजोबा ती खाली काढीत, दोऱ्या ताणून सूर जुळवीत आणि पहाटेपर्यंत वाजवीत.

मी सहावीत असताना गुरुजींनी प्रत्येकाला घरच्या माणसांविषयी विचारले. "शेती आणि संत्र्याची बाग," एवढे सांगून मी खाली बसलो. ढोलकीचे नाव काढले असते, तर मुले 'तमासगिराचा नातू' म्हणून चिडवतील, ही धास्ती! ही गोष्ट आजोबांच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. परंतु त्या वर्षी ढोलकी खुंटीवरून उतरली नाही.

एका रात्री त्यांनी मला नारायणगावकरांची हकीकत सांगितली. नारायण खुडे यांनी फड काढला. त्यांचे पुत्र भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपाला आणला. त्या काळी ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवीत, तिचेच नाव त्यांनी फडाला दिले : 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. भाऊंची कन्या विठाबाई १९३५ साली पंढरपुरास जन्मली. पुढे १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. भर खेळात प्रसूती होऊन ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, असे सांगतात. आणि तीच विठाबाई २००२ साली वारली, तेव्हा रुग्णालयाचा खर्च दात्यांनी भागविला! टाळ्या वाजविणारे हात इतके आखडते का व्हावेत?

पुढे वाचनात अमेरिकेतील कार्टर कुटुंबाची माहिती आली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल ही डोंगराळ खेड्यातली माणसे ध्वनिमुद्रणासाठी ब्रिस्टलला गेली. ते गावही आमच्या मुलखासारखेच दोन राज्यांच्या सीमेवरचे. साराचे तान्हे मूल बरोबर होते. मेबेलचे दिवस भरत आले होते. त्यांची गाणी पुढे त्या देशाने आपला ठेवा म्हणून जपली. मेबेलच्या तिन्ही मुली गाऊ लागल्या. इकडे विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड चालविला. लोकांचे गाणे असे घराच्या उंबरठ्याआत जगते, आणि त्या घरातील एखाद्याने मान खाली घातली, की तेथेच ते थांबते. आमच्या घरी ती मान मी घातली होती.

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी ढोलकी घेऊन रंगमंचावर गेलो. "ही माझ्या आजोबांची, ते खडी गंमतीत वाजवतात," एवढेच बोललो. हात अडखळले, तालही एकदा चुकला. आजोबा मागच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी ढोलकी माझ्या हातून घेतली, दोऱ्या पुन्हा ताणल्या आणि म्हणाले, "उद्या पहाटे लवकर ऊठ."