एकाच निजण्यात दोन तपासण्या

आमच्या विभागातला एमआरआयचा चुंबक 3 टेस्लाचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या हजारो पट ताकद, आणि तीही अहोरात्र चालू. त्याच्या नळीच्या भिंतीतच पेटच्या (पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीच्या) डिटेक्टरांचं कडं बसवलेलं आहे. माझ्यासारख्या टेक्नॉलॉजिस्टच्या हे आता अंगवळणी पडलंय. पण 3 दशकांपूर्वी पेट आणि एमआरआय एकत्र नांदवणं फार अवघड होतं.

टोचलेल्या किरणोत्सारी औषधामुळे शरीरातून निघालेले गॅमा किरण पेटच्या स्फटिकावर आदळले की तिथं क्षणभर प्रकाश चमकतो. पूर्वी तो टिपायचं काम फोटोमल्टिप्लायर नळी करायची. चुंबकाजवळ मात्र त्या नळीतले इलेक्ट्रॉन भरकटतात आणि मोजणीच कोलमडते. 1990च्या दशकात सायमन चेरी, पॉल मार्सडन, यिपिंग शाओ या संशोधकांनी यातून वाट काढली. चुंबकात फक्त स्फटिक ठेवले आणि त्यांचा प्रकाश ऑप्टिकल फायबरनं दूरवरच्या नळ्यांपर्यंत नेला. पुढे चुंबकाला न जुमानणारे, अगदी छोटे ॲव्हलांच फोटोडायोड वापरात आले. त्यांच्या जोरावर 2010 मध्ये म्युनिकच्या रुग्णालयात सीमेन्सचं संपूर्ण शरीराचं एकत्रित यंत्र बसलं.

या सगळ्या खटाटोपाचं मोल मला कळलं ते रुग्णांमुळे.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळुरूला आलेली एक शाळकरी मुलगी आठवते. औषधं चालू असूनही तिला आकडी यायची. वडिलांनी तिच्या दंडावरचा ताईत सोडून खिशात ठेवला, पैंजण काढले आणि विचारलं, "ताई, एमआरआय तर आमच्याकडं झालाय की. नॉर्मल आलाय. मग परत कशाला?"

"दादा, एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते पेट दाखवतो. आकडी जिथून सुरू होते तो भाग एरवी बऱ्याचदा सुस्त असतो. या मशीनवर दोन्ही एकदमच दिसतं."

रक्तातली साखर तपासून तिला एफडीजीचा, म्हणजे किरणोत्सारी साखरेचा, डोस दिला. त्यातलं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होत जातं, म्हणून सगळं घड्याळाकडे बघत चालतं. मग मंद उजेडाच्या खोलीत तिला शांत पडून राहायला सांगितलं. बोलायचं नाही, मोबाइल नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागेल तो जास्त साखर ओढतो आणि चित्र बदलतं. याच वेळात छुपी आकडी आली तर सुस्त दिसायला हवा तो भाग उलट तेजाळतो. म्हणून डोक्याला ईईजीच्या तारा लावलेल्या.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या. पेटवर टेम्पोरल लोबचा एक कोपरा फिका होता. एमआरआयवर नेमकी तीच जागा मोठी करून पाहिली, तर करड्या आणि पांढऱ्या द्रव्यामधली रेघ तेवढ्यापुरती पुसट झालेली. जन्मापासूनच्या सदोष घडणीची ती खूण असू शकते, आणि कुठं पाहायचं हे माहीत नसेल तर ती सहज निसटते. ईईजी, आकडीचे व्हिडिओ आणि या प्रतिमा एकत्र ठेवून शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला.

वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या प्रतिमाही संगणकावर जुळवता येतात. मेंदूच्या बाबतीत तर चांगल्याच. पण लहान मुलांना भूल दोनदा द्यावी लागू नये आणि पेटसोबत एरवी होणाऱ्या सीटीचे किरण टळावेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यंत्राला मर्यादाही आहेत. नेहमीच्या एमआरआय चित्रात हाड हवेसारखंच काळं दिसतं, मात्र कवटी गॅमा किरण अडवते. कवटीनं किती किरण अडवले हा हिशेब चुकला तर कवटीलगतचा मेंदू उगाच फिका दिसतो. त्यासाठी हाडाचा क्षीण सिग्नल टिपणारे खास सीक्वेन्स चालवावे लागतात.

भारतात मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट पहिल्यांदा आले ते 2002 मध्ये, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. पेट-एमआरआय यंत्रं मात्र अजून मोजक्याच ठिकाणी आहेत. औषधांना दाद न देणारी आकडी असलेल्या मुलांना ही तपासणी सांगली-मिरजेच्या जवळपास आणि सरकारी दरात मिळायला हवी. त्यांना रात्रभर प्रवास करून आमच्यापर्यंत यावं लागू नये.