गुळण्या, दुपटी आणि चिऊचं उष्टावण

गेल्या वर्षभरातले चार-पाच महिने आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेला शब्द म्हणजे "दुपटं!" चिऊ दूध प्यायली की पाच मिनिटांत गुळणी टाकायची. कधी नुसतं दूध, कधी फुटलेल्या दह्यासारखं काहीतरी. माझ्या खांद्यावर, बाबाच्या ऑफिसच्या शर्टावर, एकदा तर खालच्या मजल्यावरच्या आंटीजींच्या लहरिया साडीवर. त्या "कोई बात नहीं, बच्चे तो भगवान होते हैं" म्हणाल्या, पण त्यानंतर महिनाभर त्यांनी चिऊला कडेवर घेतलं नाही.

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे जयपूरला आले. तो सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात आहे आणि मी घरून लेख लिहिते. इंग्रजीत बी.ए. केलं तेव्हा शेक्सपिअरवर निबंध लिहिले होते, आता "बाळाच्या कोमल त्वचेसाठी सात टिप्स" लिहिते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

चिऊ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, पावणेतीन किलोची. पहिला महिना बरा गेला. मग गुळण्या सुरू झाल्या आणि वाढतच गेल्या. चौथ्या महिन्यात तर मी मोजायला लागले. एका दिवशी चौदा वेळा. मोजू नये असं आता वाटतं, पण तेव्हा वहीत रेघा ओढून ठेवायचे, अगदी दूधवाल्याचा हिशेब ठेवावा तशा.

सल्ले तर दारात उभेच होते. कोल्हापूरहून आई फोनवर म्हणाली, "तू काय खातेस? वांगं बंद कर." मालिशवाली म्हणाली, घुट्टी द्या. आंटीजी म्हणाल्या, दूध पातळ पडतंय, त्यात पोट भरत नाही, दाल का पानी शुरू कर दो. आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आईच, त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात गं. पाचवा लागलाच आहे. एकदा घट्ट काही पोटात गेलं की टिकेल. पातळ पातळ किती दिवस राहणार?"

खरं सांगू, मला ते पटलं होतं. पातळ वस्तू सांडते, घट्ट सांडत नाही, एवढं साधं गणित. शिवाय आईंनी येताना भाजलेल्या तांदळाची आणि मुगाच्या डाळीची पूड करून आणली होती, खिमटासाठी. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात ती माझी वाट बघत होती.

इथे एक कबुली द्यायची आहे. मी आजवर मैत्रिणींना ही गोष्ट सांगताना "घरच्यांनी लवकर खायला घातलं" असं म्हणत आले. ते खोटं आहे. आई उष्टावणासाठी मुहूर्त शोधत होत्या, त्यांनी पूड डब्यातून काढलीसुद्धा नव्हती. काढली मी. एप्रिलमधल्या एका रात्री, अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन लेख द्यायचे होते तेव्हा. काढून ठेवलेल्या दुधात एक चमचा पूड शिजवून कालवली, बाटलीत भरली. निपलमधून येईना म्हणून सुई तापवून भोक मोठं केलं. चिऊ ते प्यायली आणि सलग चार तास झोपली. गुळणीही नाही. मी लेख पूर्ण केले आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

तिसऱ्या रात्री तिला ठसका लागला. मोठ्या भोकातून घट्ट घास एकदम आला असावा. तोंड लालबुंद, डोळे मोठे, आवाज नाही. ते काही सेकंदच असतील, पण मला ते अजून आठवतात. मी तिला उपडं करून पाठ थोपटली, नाकातोंडातून सगळं बाहेर आलं आणि ती रडायला लागली. तिच्या रडण्याने मला इतकं बरं वाटलेलं ते तेवढंच एकदा. पुढचे तीन दिवस तिला शी झाली नाही. चौथ्या दिवशी झाली ती खड्यासारखी, आणि ती कुंथताना रडत होती.

मग डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं खरं सांगितलं, अगदी सुईसुद्धा. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आधी चिऊला वजनकाट्यावर ठेवलं. सहा किलो शंभर ग्रॅम. साडेचार महिन्यांत वजन जन्माच्या दुपटीपेक्षा जास्त. ममता कार्डावरच्या आलेखात त्यांनी ठिपका काढला. आधीच्या ठिपक्यांना जोडणारी रेघ सरळ वर चालली होती. "दिवसाला लंगोट किती ओले करते?" सात-आठ. "गुळणीनंतर रडते, पाठ ताणते, की हसते?" हसते. निर्लज्जासारखी हसते.

मग त्यांनी टेबलावर माझ्या हातातलं कोरडं दुपटं पसरलं आणि दोन चमचे पाणी त्यावर ओतलं. केवढा मोठा डाग! "हे दहा मिलिलिटर आहे. तुम्हाला वाटतं सगळं दूध बाहेर आलं. एवढंच येतं." मी चौदा रेघांची वही पर्समध्येच ठेवली.

त्यांनी समजावलं ते असं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचं एक कडं असतं, दारासारखं. तान्ह्या बाळात ते दार अजून पक्कं झालेलं नसतं. त्यात बाळाचा सगळा आहार पातळ आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून. त्यामुळे दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वात जास्त असतं, बाळ बसायला लागलं की कमी होतं आणि बहुतेकांचं वर्षाच्या आत थांबतं. वजन वाढतंय, बाळ खेळतंय, तर हा आजार नव्हे, धुण्याचं काम आहे.

पण काही वेळा तो आजार असतो, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं आणि मी ते फ्रिजवर लिहून लावलं. उलटीचा रंग हिरवा असेल किंवा तिच्यात रक्त दिसलं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत दर वेळी फवाऱ्यासारखी लांब उडणारी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, पोट फुगून टणक झालं असेल, बाळ मलूल असेल किंवा दूधच नाकारत असेल, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दूध घट्ट करून देणं हाही काही बाळांसाठी उपाय असतो, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. रात्री अकराला माझ्यासारखीने नाही.

आणि सहा महिन्यांआधी अन्न का नको? आतडी तयार नसतात, मान पुरती सावरलेली नसते, जीभ चमचा बाहेर ढकलते. पोट इतर गोष्टींनी भरलं की बाळ दूध कमी पितं आणि चमच्या-वाटीतून जुलाबाचे जंतू जायची भीती वेगळीच.

घरी आल्यावर मी आईंना हे सगळं सांगितलं, तेव्हा आवाज जरा चढलाच असावा. माझ्या स्वतःच्या चुकीची शरम होती ना, ती कुणावर तरी काढायची होती. आई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला मी तिसऱ्या महिन्यापासून नाचणीचं सत्त्व दिलंय. शाळेत शिकवायला होते, तीन महिन्यांची रजा संपली. डबा कोण पोचवणार? आणि तेव्हा डॉक्टरच सांगायचे चार महिन्यांनी सुरू करा म्हणून."

मला वाटलं, सगळ्या सासवा असंच म्हणतात. पण सवयीने शोधून पाहिलं, तर त्यांचं बरोबर निघालं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाच पूर्वी चार ते सहा महिने असा होता. पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, हे २००१ साली ठरलं. म्हणजे आई अडाणी नव्हत्या. त्या त्यांच्या काळातल्या डॉक्टरांचं ऐकणाऱ्या होत्या. रजेचंही तसंच. नोकरदार बाईला कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली ती २०१७ मध्ये. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. माझ्यासारख्या शब्दावर पैसे घेणाऱ्या बायकांना त्यातलं काहीच नाही, पण तो वेगळाच लेख होईल.

मग आम्ही दोघींनी मिळून दिवसाची मांडणी बदलली. सगळ्यात मोठा फरक पडला तो मालिशवालीच्या वेळेने. आधी ती यायची नेमकी चिऊ दूध प्यायल्यावर, आणि भरल्या पोटावर तिला उलटंपालटं करून चोळायची. आता मालिश, मग अंघोळ, मग दूध. सकाळी मला पान्हा जोरात येतो, तेव्हा मी मागे रेलून पाजायला लागले, म्हणजे तिला घटाघट गिळावं लागत नाही. एका बाजूचं झालं की ढेकर, मग दुसरी बाजू. दूध झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं उभी धरायची. हे काम बाबाने घेतलं, आणि त्या वेळात तो तिला ऑफिसमधलं राजकारण सांगायचा. पोटावर लंगोट सैल. झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट गादीवर, राईची उशी नको. गुळणी टाकणारं बाळ कुशीवर किंवा पोटावर झोपवावं असं मला वाटायचं. पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिकडे जायला चढ चढावा लागतो, हे डॉक्टरबाईंनी हाताच्या दोन बोटांनी करून दाखवलं.

गुळण्या थांबल्या नाहीत. थोड्या कमी झाल्या, आणि मी मोजणं सोडलं.

मग मे आला. जयपूरचा मे ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल. नौतपा सुरू झाला, कूलरसमोरसुद्धा भिंत हाताला गरम लागायची, दुपारी बाहेर लू. आंटीजी रोज विचारायच्या, "इतनी गर्मी में बच्ची को पानी भी नहीं देती?" त्यांच्या डोळ्यांत मी जवळपास गुन्हेगार होते. मलाही धीर धरवत नव्हता. फोन केला तर उत्तर एकच: आईच्या दुधात जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं, जास्त वेळा पाजा आणि पाणी तुम्ही प्या. मी तांब्या उशाशी घेऊन बसायचे. आंटीजींना मी लंगोटांची दोरी दाखवली. नऊ लंगोट वाळत होते. त्या दोरीकडे बघून म्हणाल्या, "हाँ, पानी तो है इसमें." नंतर माझ्यासाठी रोज एक लोटा ताक वर यायला लागलं.

उष्टावणाचा प्रश्न आईंनीच सोडवला. सहा महिने पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला, आणि सात विषमच की! पंचांग आणि डॉक्टरबाई एका तारखेवर आले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा भाऊ पुण्याहून रेल्वेने आला, मामाच्या मांडीवर बसायचा मान होता ना. चांदीची वाटी-चमचा आम्ही जौहरी बाजारातून आणला. खिरीवरून थोडी ओढाताण झाली, कारण वर्षभर साखर-मीठ नको असं सांगितलेलं. शेवटी खिरीचं बोट नुसतं ओठांना लावलं आणि खरा पहिला घास मऊ भात-मुगाच्या डाळीचा, वर थेंबभर तूप. डाळ आईंच्याच डब्यातली. चिऊने तोंड वेडंवाकडं केलं, घास बाहेर काढला, मामाच्या नव्या कुर्त्यावर. सगळे हसले. दुसरा गिळला.

सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं दाट. आंटीजींचं "दाल का पानी" इथे बाद झालं, कारण वरच्या पाण्यात फारसं काही नसतं, जे आहे ते खाली बसलेल्या डाळीत. या वयात बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा संपत येतो, म्हणून कुस्करलेली डाळ, नाचणी, पालक. एक पदार्थ तीन दिवस, मग पुढचा. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. दूध पूर्वीसारखंच चालू. आणि गुळण्याही चालूच, फक्त आता रंगीत. गाजराची गुळणी पांढऱ्या दुपट्यावरून निघत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक काम राहिलं होतं. लग्नाआधी मी एका साइटसाठी "चार महिन्यांच्या बाळाला काय भरवाल?" असा लेख लिहिला होता. तेव्हा मला बाळ नव्हतं, घाई होती आणि शब्दाला चाळीस पैसे मिळत होते. त्यात दोन ओळी डबाबंद आहाराच्या बाजूने होत्या, त्यांनी सांगितल्या म्हणून घातलेल्या. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तो २००३ मध्ये आणखी कडक केला, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मी त्यांना लिहिलं, लेख बदलून देते, पैसे नकोत. तीन मेलनंतर उत्तर आलं. शीर्षकातला "चार"चा "सहा" झाला, त्या दोन ओळी गेल्या. खालचा फोटो मात्र अजून तोच आहे, एक गुबगुबीत बाळ, हातात बाटली.

चिऊ आता दहा महिन्यांची आहे. आठव्या महिन्यात नीट बसायला लागली, तेव्हापासून दुपटी हळूहळू कपाटात जायला लागली. मागच्या आठवड्यात आई साताऱ्याला परतल्या. जाताना त्यांनी डबा पुन्हा भरून ठेवला, या वेळी नाचणीही घालून, आणि झाकणावर पट्टी चिकटवून वर तारीख लिहिली. काल चिऊने दिवसभरात एकही गुळणी टाकली नाही. आज सकाळी मी हा लेख लिहायला बसले, ती मांडीवर होती, आणि आता मला कीबोर्ड पुसायचा आहे.