भोवरा आणि नऊ याने

शास्त्राचा आणि माझा काडीमोड बारावीत झाला. भौतिकशास्त्रात नापास होऊन मी कला शाखेत आले. आणि घरी आप्पा हायस्कुलात तोच विषय शिकवणारे! ते रागावले असते तर बरे झाले असते. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्यापाशी अभ्यासाचा विषयच काढला नाही. दोन वर्षे!

म्हणून वाचनालयात ‘क्लस्टर’ मोहिमेवरचा लेख माझ्या हाती पाहून मैत्रिणी हसल्या, यात नवल नाही. मला मात्र त्यातली नापाशी भावली. युरोपीय शास्त्रज्ञांनी खपून बांधलेली चार एकसारखी याने ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात मिनिटभरात नष्ट झाली. कारण काय, तर जुन्या अग्निबाणाची आज्ञावली नव्यात तशीच वापरली होती आणि एक आकडा तिच्या मापात मावला नाही! पुढे उरल्यासुरल्या भागांतून एक यान उभे राहिले, नाव ‘फीनिक्स’. अखेर २००० साली चार याने बैकोनूरहून गेली आणि २०२४ पर्यंत राबली.

पण चारच का? एक का नाही? काही केल्या उमगेना. शेवटी धीर करून आप्पांना विचारले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले, म्हणाले, “चल.” आणि थेट नदीवर नेले.

उथळ पाण्यात त्यांनी एक काठी रोवली. “नुसती या काठीपाशी नजर ठेव. पाणी हलले. भोवरा इथेच उठला, की वरून वाहत आला?”

मला सांगता येईना.

“एकट्या यानाचे असेच होते. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर वेगाने येतो. तोही असाच खळाळतो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, त्यांची शक्ती अखेर उष्णतेत जिरते. ती नेमकी कशी जिरते, तेच तर शोधायचे!” मग त्यांनी आणखी दोन काठ्या रोवल्या, चौथी वर हवेत धरली. चार कोपरे झाले, की भोवरा कोठून कोठे चालला ते कळते. पण काठ्या दूर ठेवल्या तर लहान भोवरे मधून निसटतात, जवळ ठेवल्या तर मोठा पुरता दिसत नाही.

“म्हणूनच ‘हेलिओस्वार्म’मध्ये नऊ असणार,” मी म्हटले. नासाने २०२२ मध्ये निवडलेली ही मोहीम. एक मोठे यान, भोवती आठ लहान; लहानांनी मोजायचे आणि आपले मोजमाप मोठ्यामार्फत पृथ्वीला कळवायचे.

आप्पा काही बोलले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर मात्र माझ्यापुढे एक कागद आला. त्यावर नऊ ठिपके.

“दोन-दोनांच्या जोड्या किती? तितकी अंतरे एकाच वेळी मोजता येतील.”

मी रेघा ओढल्या. ३४.

“३६ यायला हव्यात. पुन्हा मोज,” म्हणाले, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.