तापीकाठचा पोंक

महाराष्ट्रात हुरड्याचे दिवस आले की जाणकार मंडळी ‘सुरती’ हुरड्याची चौकशी करू लागतात. गूळभेंडी, कुचकुची यांच्या पंक्तीत हे नाव मानाने घेतले जाते. आम्ही मात्र प्रत्यक्ष सुरतेत राहणारे, आणि येथे ‘हुरडा’ म्हटले तर विक्रेता तोंडाकडे पाहत राहतो. येथे त्याचे नाव पोंक. त्यातही ‘वाणी’ जातीच्या ज्वारीचा असेल तर अस्सल. थंडी पडली की अडाजणच्या बाजूस पोंकाच्या भट्ट्या पेटतात आणि ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण खरी करण्यासाठी सारे शहर तिकडे लोटते.

इतकी वर्षे मीही पोंक विकतच घेत होतो. परंतु गेल्या पौषात आमच्या शाळेतील एका गुजराती सहकाऱ्याने ओलपाड तालुक्यातील आपल्या शेतावर आम्हांस सहकुटुंब बोलावले, आणि पुडीतला पोंक कोणत्या कष्टांतून येतो ते प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

तापी ओलांडून जहांगीरपुरा मागे टाकला तरी उंच इमारती बराच वेळ पाठ सोडीत नाहीत. पुढे ऊस लागतो, भाताची कापलेली खाचरे लागतात. काकरापारचा बंधारा आणि 1972 साली पूर्ण झालेले उकाई धरण यांनी या भागाला कालव्याचे पाणी दिले. पाणी आले तसा ऊस आला, साखर कारखाने आले, आणि कोरडवाहू ज्वारी मागे सरली. त्या हिरव्या उसाच्या मधोमध दोन विघे ज्वारी उभी होती. एक लहान मुलगा डबा बडवून पोपट उडवीत होता.

पोंकाचे सारे गणित वेळेचे आहे. दाणा नुसता दुधात असेल तर भाजताना चिरडतो. एकदा कडक झाला की तो भाकरीचा झाला, पोंकाचा नव्हे. मधले दिवस फार थोडे. म्हणून हे कुटुंब पेरणीच काही दिवसांच्या अंतराने, तुकड्यातुकड्याने करते. हंगामात घरातले कोणीही लग्नाकार्यास जात नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा घरच्या सुना दवाने ओली कणसे कापून भारे बांधीत होत्या आणि आमचे शिक्षक सहकारी, धोतर नसले तरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, भट्टीपाशी बसले होते.

जमिनीत खड्डा, त्यात फुललेले निखारे. कणसे त्यात काही मिनिटे दडपायची, बाहेर काढून गरम असतानाच जाड कापडात गुंडाळायची आणि दांडक्याने झोडायची. मीही हौसेने दांडके उचलले. चार फटके मारले असतील नसतील, तोच सहकाऱ्याची वृद्ध आई ओरडली, “साहेब, पोराला मारता तसे नका मारू!” सारे खो-खो हसले. हात हलका हवा. दाणा सुटला पाहिजे, फुटता कामा नये. मग सुपात पाखडले की हिरवेगार, मऊ दाणे उरतात. आपल्याकडे आगटीत भाजलेले कणीस तळहातावर चोळतात आणि गरम हुरडा तेथल्या तेथे तोंडात टाकतात. येथे पोंक तराजूत पडायचा असल्याने कामाला बाजाराची शिस्त आहे. संध्याकाळपर्यंत तो शहरात पोहोचलाच पाहिजे. शिळ्या पोंकाला किंमत नाही.

दुपारी जेवणाची पंगत ओसरीवर बसली. ताजा पोंक, लिंबू-मिरीची शेव, साखरेचे दाणे, वर ताक. पोंक वाटून त्यात ओली लसूण, आले, हिरवी मिरची आणि बेसन घालून तळलेले वडे. उसाच्या बांधावरच्या तुरीचे ओले दाणे. आंबेहळद व ओली हळद यांचे लिंबाच्या रसात मुरवलेले तुकडे. बाजारातून काय आणले असे विचारले, तर मीठ आणि साखर एवढेच उत्तर मिळाले. आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून हळूच लसणाची चटणी आणि गूळ काढला. बांनी चटणी पोंकावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आले तरी पुन्हा मागितली. “बेन, तुमचा पोंक तिखट असतो होय!” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला सहज विचारले, “भाई, तुमची जमीन किती?”

मी गप्प राहिलो. आमची चार एकर जमीन खानदेशात होती. वडील तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आले आणि गिरणीत लागले, तरी दर पौषात गावाहून हुरड्याचे गाठोडे येत असे. वडील गेल्यावर भावंडांत विचार झाला, आणि विक्रीच्या कागदावर पहिली सही मी केली. मराठीचा एम. ए. असलेल्या माणसाला त्या दिवशी आपले नाव लिहिताना हात अडखळला, हे मी आजवर घरातही बोललो नव्हतो. त्या ओसरीवर बोललो.

बोलून चुकलो की काय असे वाटले, कारण सहकारी एकदम खाली पाहू लागले. त्यांच्याही घरी तोच विषय चालू होता. शहर जवळ आले आहे, भाव चांगला मिळतो आहे, धाकट्या भावाला विकायचे आहे. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही वडील आहात, सांगा.” मी कोणत्या तोंडाने उपदेश करणार? कतारगामची पापडी उंधियूसाठी नावाजलेली. त्या कतारगामात आज हिऱ्यांचे कारखाने आहेत. एवढेच म्हणालो, “विकल्यावर पैसा संपतो, आणि पौष दरवर्षी येतो. पण मुलांच्या शिक्षणाचा खर्च माझ्या डोक्यावर नाही, तुमच्या आहे.” बा उठल्या. “या वर्षी तर पेरली आहे ना? पुढचे पुढच्या वर्षी,” म्हणून त्यांनी विषय मिटवला. तो खरोखर मिटला असे मी म्हणणार नाही.

निघताना त्यांनी आढ्याला टांगलेली, बियाण्यासाठी राखलेली गेल्या सालची दोन कणसे सौभाग्यवतींच्या ओटीत घातली. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा आमच्या शाळेत भित्तिपत्रके लागली होती. मुलांनी ज्वारीचे चित्र सुरेख काढले. परंतु त्यांतल्या निम्म्यांनी, आणि यांतली बरीच खानदेशी घरांतली, ज्वारीचे उभे ताट पाहिले नव्हते. शाळेच्या मागे कुंपणालगत एक अरुंद पट्टी मोकळी आहे. पावसाळा सरला की तेथे ती कणसे पेरायची ठरवली आहे. पोंक मूठभरच निघेल. पोपटांना हाकलायला मात्र आमच्याकडे मुलांची वाण नाही.