दोरीच्या गाठी

“मामी, मी पर्यावरणशास्त्र घेऊ का?”

बारावीचा निकाल नुकताच लागला होता. मंठ्याकडच्या खेड्यातून आमच्या वन्सं आल्या होत्या, बरोबर भाची. मी पोळ्या लाटत होते. मान वर न करताच म्हटलं, “त्यात काय, झाडंच लावायची ना? त्याला कॉलेज कशाला हवं?”

पोर काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिनं पिशवीतून एक शंभरपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. दर अमावास्येला विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे, ते तिनं त्यात लिहिलं होतं. दोराला फुटाफुटावर गाठी. दोन वर्षांत एकही अमावास्या चुकलेली नाही! पलीकडच्या रकान्यात पाऊस, सरळ काठाच्या डब्यात पट्टी धरून मोजलेला. एका पानावर लिहिलं होतं : ‘जूनमध्ये पाऊस बरा झाला, तरी विहिरीचं पाणी चढलं नाही. का?’

मैत्रिणींनो, त्या ‘का?’पुढं माझी बी. ए.ची पदवी गप्प बसली. उत्तर तिनंच दिलं. पहिला पाऊस तापलेली काळी माती पिऊन टाकते. तिची तहान भागली की मग पाणी मुरमात उतरतं. खाली काळा पाषाण अखंड असला तर तिथंच अडतं, फट असली तर पुढं जातं.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की या विद्येला झाडांची हौस पुरत नाही. पहिलं हवं ते न कंटाळता मोजणं. आपल्याकडं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून आहे. तिची माणसं ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. म्हणजे भाचीचा दोर काही पोरखेळ नव्हे.

दुसरं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तर तीस हजार लिटर होतात. करून पाहा, टँकरची वाट पाहताना हा हिशेब फार बोचतो.

तिसरं रसायनशास्त्र. बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर का बसतो, हे आपण रोज पाहतो. त्यातले क्षार किती नि कोणते, हे प्रयोगशाळेत ठरवावं लागतं. शिवाय नकाशा वाचता यावा, संगणक यावा, इंग्रजीची भीती नसावी.

आणि चौथी गोष्ट पुस्तकात नाही : माणसांशी बोलणं. आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची गाव ऐकून ठाऊक असेल. नव्वदीच्या दशकात तिथं इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम सुरू झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची आणि विजयअण्णा बोराडे यांची त्यात मोठी साथ. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले. पण चर खणणं सोपं. ‘तुझी शेरडं माळावर सोडू नकोस’ हे शेजाऱ्याला पटवणं अवघड. लोकांना पटलं, म्हणून काम टिकलं. 2012च्या दुष्काळातही शेततळ्यांच्या पाण्यावर तिथल्या द्राक्षबागा तगल्या.

“पोरीच्या जातीला हे उन्हातलं काम झेपेल का?” वन्संचा प्रश्न. मी त्यांना अण्णा मणी यांची गोष्ट सांगितली. 1918 साली केरळात जन्मलेल्या या बाई 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. पाऊस-वारा मोजायची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्या झटल्या आणि खात्याच्या उपमहासंचालक झाल्या.

नोकरीचं खोटं आश्वासन मी दिलं नाही. नुसत्या बी. एस्सी.वर भागणं कठीण, पुढं एम. एस्सी. करावं लागेल. ती सोय छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे. नंतर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांचे सांडपाणी विभाग, पाणलोटाच्या संस्था, नाहीतर शिक्षकी. वाट आहे, पण चढाची.

भाचीचे वडील अजून पुरते राजी नाहीत. “खर्च करून पोरगी विहिरीच मोजणार का?” म्हणतात. त्यांचंही चुकत नाही. दोन वर्षं कापसानं हात दिलेला नाही. म्हणून पहिल्या वर्षाची फी माझ्या शाळेच्या पगारातून द्यायची, असं मी यांना विचारून ठरवलं आहे. माझ्या वेळी जवळच्या कॉलेजात सायन्स नव्हतं, म्हणून मी आर्ट्स घेतलं. तेव्हा ‘का?’ विचारायचं मला सुचलंच नाही.

तुमच्या घरातही एखादी पोर अशीच वही लपवून बसली असेल. लाटणं बाजूला ठेवून ती एकदा उघडून पाहा. माझ्यासारखी घाई करू नका.