शिकवायला शिकण्याबद्दल

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर

चि. बाळ,


पत्र पोचलं. पुढे शिकायचं तर एम.एफ.ए. चित्रकलेत करू की कलाशिक्षणात, असं विचारलं आहेस. सोबत तुझ्या शिक्षकखोलीतला शेराही कळवलास: ज्याला चित्र जमत नाही तो शिक्षणशास्त्राकडे वळतो. हा शेरा मी नोकरीभर ऐकला. तो मारणाऱ्यांच्या तासाला मागच्या बाकांवरची मुलं गणिताच्या वह्या पुऱ्या करत असत, हेही पाहिलं.

तुला आपल्या गावातली एक गोष्ट सांगतो. ती गाण्यातली आहे, पण तुझ्या प्रश्नाला चपखल लागू पडते. १९१८ साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्याने इथे संगीत विद्यालय काढलं. ग्वाल्हेरला गवय्यांची काय वाण! तरीही विद्यालय सुरू करायच्या आधी इथलेच काही गवई मुंबईला भातखंड्यांकडे पाठवले गेले. स्वरलेखन आणि वर्ग चालवण्याची रीत शिकून यायची, एवढ्याचसाठी. त्यात राजाभैया पूछवाले होते, तेव्हा पस्तिशीच्या घरातले. त्यांना ख्याल शिकवायची कुणाला गरज नव्हती. पण एका शिष्याला समोर बसवून वर्षानुवर्षं तालीम देणं निराळं आणि घंटा झाली की उठून जाणाऱ्या पाचपंचवीस मुलांच्या गळ्यात काही उतरवणं निराळं. ते वेगळं शिकावं लागतं, हे त्या माणसाने मान्य केलं. पुढे ते याच विद्यालयाचे प्राचार्य झाले, ‘तानमालिका’ लिहिली आणि गायकही राहिले. गायकी कमी पडली म्हणून ते शिकवायला गेले, असं म्हणायची ग्वाल्हेरात कुणाची छाती झाली नसती.

चित्रकलेत तर ही जाणीव त्याहून जुनी. मुंबईची जे. जे. १८५७ची आणि ड्रॉइंग मास्तरांच्या प्रशिक्षणाचा वर्ग तिथे १८९३ पासून. तुमच्याकडचं ए.टी.डी. त्याच वाटेवरचं. पण पुढे दोन वाटा फुटल्या त्या फुटल्याच. शिक्षकाची ती पदविका आणि चित्रकाराची ती पदवी! पदविकावाल्याला पाठटाचण येतं, पण त्याचं स्वतःचं काम बंद पडतं. पदवीवाल्याचं काम चालू असतं, पण तिसरीतल्या मुलापुढे उभं राहायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. केंद्रीय विद्यालयांनीही कलाशिक्षकाकडे वर्षानुवर्षं चित्र-शिल्पातली पाच वर्षांची पदविका किंवा तोडीची पदवी मागितली, बी.एड. नाही. गणिताच्या शिक्षकाला ही सूट कुणी दिली नाही.

मग कलाशिक्षणातल्या एम.एफ.ए.त शिकायचं काय? माझ्या मते आधी मुलाचं चित्र वाचायला शिकायचं. तुझ्या वर्गातलंच बघ. सातव्या-आठव्या वर्षी बिनधास्त हत्ती काढणारं पोर दहाव्या वर्षी ‘मला येत नाही’ म्हणून कागद पालथा घालतं. कलाशिक्षणाचा अभ्यासक लोवेनफेल्ड याने १९४७च्या पुस्तकात या वयाची नीट चिकित्सा केली आहे: मुलाची नजर पुढे गेलेली असते, दिसतं तसं काढावंसं वाटतं आणि हात मागे राहतो. हे ज्याला ठाऊक नाही तो मास्तर फळ्यावर हत्ती काढून देतो आणि ‘उतरवा’ म्हणतो. मग पोर उतरवण्यातच रमतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत हेच पुढे वर्षभर चालतं. स्मरणचित्रसुद्धा पाठ करून घेतात! परीक्षांना माझा विरोध नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी का होईना, खेड्यातल्या पोरांच्या हातात त्यांनीच ब्रश दिला. पण परीक्षा हाच अभ्यासक्रम झाला की मास्तर मूल बघेनासा होतो.

सेवाग्रामला हे उलट बाजूने करून पाहिलं गेलं. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये तिथल्या नई तालीमच्या शाळेत आले आणि १९६२ पर्यंत राहिले. स्वतः कुंभारकाम करणारा, चित्रं काढणारा हा माणूस मुलांची चित्रं जपून ठेवी, त्यांवर विचार करी आणि त्यातूनच त्याने पुस्तक लिहिलं. संशोधन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तुझ्या प्रबंधाला विषय शोधत दूर जाऊ नकोस. तुझ्याच शाळेतल्या एका तुकडीची दोन वर्षांची चित्रं, तारखा घालून ठेवलेली, एवढा ऐवज पुरे आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील मामा मास्तरकीचंच गातो. शिकवण्याचा अभ्यास करताना हात थांबला तर तो अभ्यास फुकट. आपले बेंद्रे बघ. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले, १९५० पासून बडोद्याला शिकवू लागले आणि शिकवत असतानाच ‘काटा’ रंगवला. १९५५चा राष्ट्रीय पुरस्कार त्याच चित्राला. बडोद्याच्या त्या पिढीचं मोठेपण इथे आहे की विद्यार्थ्याला मास्तर काम करताना दिसत होता.

तेव्हा माझं मत विचारतेस तर कलाशिक्षणच घे. चित्रकलेतल्या एम.एफ.ए.साठी जागा पुष्कळ, आमच्याकडेही मानसिंह तोमरांच्या नावाचं संगीत-कला विद्यापीठ २००८ पासून आहे. कलाशिक्षण हाच विषय घेऊन एम.एफ.ए. करता येतं अशी ठिकाणं थोडी. दिल्लीचं जामिया त्यातलं एक. अर्ज भरण्याआधी कुठल्याही विभागाला दोनच गोष्टी विचार: विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वर्गावर किती पाठवता आणि स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो? दोन्हीपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नकोस. ‘व्याख्यानं उत्तम होतात’ यावर भुलू नकोस.

सुट्टीत इकडे आलीस तर गूजरी महालातल्या संग्रहालयात जाऊ. ग्यारसपूरची शालभंजिका तुझ्या नववीच्या पोरांना दाखवायची कशी, याचा पाठ तिच्यासमोर उभं राहूनच आखू. पाहणं आधी, पेन्सिल नंतर.

दिल्लीला प्रवेश मिळाला तर तिथून ग्वाल्हेर रेल्वेने चार-पाच तासांवर आहे. मामीने सांगितलंय, वसतिगृहाचं जेवण सोसलं नाही तर शनिवारी निघून ये. घरी सर्वांना नमस्कार. फॉर्मची शेवटची तारीख कळव.

तुझा,
मामा